तिसऱ्या पात्यामागचं पाणी

जहाज मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. समुद्रही नाही. अमरावतीहून समुद्र म्हणजे अख्खी रात्र गाडीत काढायची, आणि तिकडे माझं कोणी नाही. तरी जहाजाचा पंखा मी केला आहे. दोनदा केला. दुसऱ्यांदा का करावा लागला ते मी बायकोलासुद्धा अर्धंच सांगितलं होतं. पंच्याहत्तरी उलटली, आता पुरं सांगून टाकतो.

माझं शिक्षण चौथी. वलगाव रोडला वर्कशॉप आहे. एक लेथ, एक ड्रिल आणि मागं पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी, जी आता महिन्यातून एखाद्या वेळी पेटते. पन्नास वर्षं पंपांचं काम केलं. पंपाच्या पोटात जो फिरता भाग पाणी फेकतो त्याला इंपेलर म्हणतात. तो ओतायचा, लेथवर चढवायचा आणि सगळ्यात शेवटी त्याचा तोल काढायचा. दोन धारदार पट्ट्या पाणसळ लावून समांतर मांडायच्या, इंपेलर दांड्यावर चढवून त्यांच्यावर ठेवायचा आणि हात सोडायचा. जड बाजू आपोआप खाली येते. तिथं खडूची रेघ मारायची, मागच्या अंगानं कानस चालवायची, पुन्हा ठेवायचा. जसा ठेवला तसा थांबला की काम झालं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद म्हणायचे, "बिना तोलाचा नग म्हणजे बिना आंघोळीचा नवरदेव." माझ्या दुकानातून असा नवरदेव एकही बाहेर पडला नाही. तिवशापासून अचलपूरपर्यंत कोणालाही विचारा.

वलगावला एक भाजीवाले बागायतदार होते. फुलकोबी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. त्यांचा पंप वर्षातून एकदा माझ्याकडे यायचाच, नाहीतर मी त्यांच्या वावरात जायचो. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती. पंपाचं पाणी पाइपातून पाटात पडतं तिथं खड्डा पडतो. बाप गोणपाट अंथरायचा, त्यावर दगड ठेवायचा, आणि आठ दिवसांत दगडही खाली गेलेला असायचा. ती तिथं बसून राहायची. एकदा मला म्हणाली, "काका, पाणी तर नरम असते, मंग दगडाखालची माती कशी नेते?"

"जोर असते त्याले," मी म्हणालो.

"जोर कुठं असते? वर का खाली?"

"तुया बापाले इचार," म्हणून मी पाना उचलला.

तीच मुलगी पुढं शिकली, अकोल्याला कॉलेजात शिकवायला लागली, आणि एक दिवस माझ्या दुकानात प्लॅस्टिकचा एक पंखा घेऊन आली. बशीएवढा, मध्ये गोळा आणि त्याला तीन पाती, अशी पिळलेली की कुठून सुरू झाली आणि कुठं संपली ते बोटानं चाचपूनच कळावं.

"काका, हा पितळेत पायजे. जहाजाचा हाये, लहाना."

"अकोल्यात जहाज आणतं का?"

"जहाज नाई, त्याच्या मागचं पाणी आणतो." मग ती स्टुलावर बसली आणि मला समजेल असं सांगितलं. जहाज धक्क्याशी आलं की त्याचा पंखा मागं पाणी फेकतो. ते पाणी धक्क्याच्या पायथ्याची माती उकरून नेतं. "आपल्या पाटाच्या तोंडाशी पडते तसाच खड्डा, काका. फक्त लय मोठा. वरून धक्का धडधाकट दिसते आन् खालून पाय पोकळ." तिच्या लॅबमध्ये काचेचा एक लांब पाट होता. त्यात पंखा फिरवायचा आणि त्याच्या मागं बोटाबोटाच्या अंतरावर पाणी किती वेगानं जातं आणि किती खळबळतं ते मोजायचं. यावर तिची पीएचडी होती.

तिनं सोबत पत्र्याचे तीन फर्मे दिले. फर्मा म्हणजे पात्याचा बाक कापून काढलेली पट्टी. एक पात्याच्या मुळाशी लावायचा, एक मध्ये, एक टोकाजवळ. फर्मा पात्यावर ठेवून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला तर पातं चुकलं.

"फर्मा बसला का कानस खाली ठेवून द्या, काका. मंग पात्याले काहीच करू नोका. पॉलिश बी नाई. तोल काढाचा असला तर मले फोन करा, आपण मधल्या गोळ्यात छिद्र पाडून काढू."

"हो हो," मी म्हणालो.

मी दोन नग ओतले. आम्ही पंपवाले एक कधीच ओतत नाही. भट्टी पेटवलीच आहे तर जोडीचा असावा. एकाच्या मधल्या गोळ्यात हवेचा फुगा राहून खड्डा पडला, तो फळीवर टाकून दिला. दुसऱ्याला नऊ दिवस दिले. तिन्ही पात्यांना तिन्ही फर्मे बसवले. खिडकीशी धरून पाहिलं, केसाएवढा उजेड नव्हता. पात्यांच्या मुळाशी खुणेसाठी पंचनं टिंबं मारली: एक, दोन, तीन.

आणि मग मी पट्ट्या मांडल्या.

तीन टिंबांचं पातं खाली आलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच खाली. फोन समोर टेबलावर पडला होता. पन्नास वर्षांत तोल काढायला मी कोणाची परवानगी घेतली नव्हती, आणि मी जिला झबल्यात पाहिलं तिला फोन करून विचारू, की बाई, काढू का? खडूची रेघ मारली आणि कानस घेतली. मागच्या अंगानं, टोकाकडे, पाव तास. वरून पॉलिश पेपर. शेवटी पंखा पट्ट्यांवर ठेवला तसा थांबला, आणि मला बरं वाटलं. फर्मे मी तोवर कागदात गुंडाळून ठेवले होते. पुन्हा काढले नाहीत.

ती न्यायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "फर्मा?"

"उजेड जात नाई," मी म्हणालो. आदल्या दिवशी सकाळपर्यंत ते खरं होतं.

तिनं पंखा ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतला, मीच केलेला त्याचा शाफ्ट, म्हणजे दांडा, पायाशी ठेवला आणि रिक्षात बसली.

दोन-तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी, तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"काका, तुमी केलेला शाफ्ट एकदा येऊन पायता का? कुठंतरी गडबड हाये. एका फेऱ्यात तीन पाती जातात तर तीन लाटा सारख्या याले पायजेत. दोन सारख्या येतात, तिसरी बसकी येते. तीन टिंबांच्या पात्यामागचं पाणी निरा येगळं वागून राह्यलं."

मी खुर्चीत बसलो.

"काका? आयकून राह्यले ना?"

"शाफ्ट पायतो येऊन," मी म्हणालो. "उद्याच येतो."

तिनं मग बाकीचं सांगितलं. पाण्याचा वेग मोजणारा प्रोब दुसऱ्या कॉलेजचा, उसना आणलेला. शनिवारी दुपारी त्यांचा माणूस न्यायला येणार. दोनदा मुदतवाढ घेऊन झालेली, तिसरी मिळत नाही. शनिवारच्या आत रीडिंग मिळाली नाहीत तर चार वर्षांचं काम कपाटात. हे सगळं ती न रडता, यादी वाचल्यासारखं सांगत होती. रडली असती तर मी कदाचित तिथंच बोललो असतो.

बुधवारी सकाळच्या एसटीनं निघालो. पंच्याहत्तरीनंतर कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो, ते मला कधीच आवडलं नाही. त्या दिवशी मी ते न बोलता खिशात ठेवलं. खांद्याच्या पिशवीत दांड्याचा वाक काट्यावर दाखवणारा डायल होता, पाने होते आणि कागदात गुंडाळलेले तीन फर्मे होते. फर्मे का टाकले? सांगायचं म्हणूनच टाकले असतील. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, आणि मी मनात वाक्य जुळवत होतो. बोरगाव मंजूपर्यंत वाक्य जुळलं होतं.

लॅबमध्ये तिचे गाईड सर होते. मऊ बोलणारा, चष्मेवाला माणूस. पुण्याकडचा असावा. मला नमस्कार केला, खुर्ची दिली. तिनं दाराशीच मला सांगितलं, "काका, मोजणं चालू असलं का कोनी हलाचं नाई. पाऊल टाकलं तरी पाट थरथरते. आन् खोकला आला तर बाहेर जा." माझा खोकला भट्टीच्या धुराचा आहे, जुना.

काचेचा पाट मी पहिल्यांदाच पाहिला. छातीएवढा उंच, दहा-बारा पावलं लांब. मध्ये माझा पंखा पाण्यात फिरत होता, पिवळाधमक, आणि खरं सांगतो, छान दिसत होता. वर लोखंडी अँगलची फ्रेम. तिच्यावर प्रोब टांगलेला, खाली चार बारीक बोटं असलेली एक कांडी. पाण्यात तिनं पांढरी भुकटी सोडली होती. त्या कणांवर आवाज आपटून परत येतो आणि त्यावरून वेग कळतो, म्हणाली. प्रोब एका जागी धरायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग स्क्रू फिरवून बोटभर सरकवायचं. पंख्याच्या दांड्यावर एक लोहचुंबक होतं, दर फेऱ्याला ते कॉम्प्युटरला इशारा द्यायचं. म्हणून कोणतं पातं कधी गेलं ते कळायचं.

तिनं पडद्यावर दाखवलं. दोन टेकड्या आणि एक दबलेलं ढेकूळ. दोन टेकड्या आणि एक ढेकूळ. फेऱ्यामागून फेरा.

"आन् इथं खळबळ पाहा, काका. एकाच जागी पाणी कितीदा आपलं मन बदलते ते. या दोघांमागं सारखी, याच्यामागं भलतीच."

मी डायल काढला. मोटर थांबवून शाफ्टला लावला, हातानं एक फेरा दिला. काटा हलला नाही. तो हलणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी चार ठिकाणी लावला, सावकाश. सर बाजूला उभे होते.

"शाफ्ट उत्तम आहे," ते म्हणाले. "आजोबा, एक विचारू का? पात्यांना नंतर काही केलं होतं का? घासणं, पॉलिश वगैरे?"

बोरगाव मंजूला जुळवलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. पण त्यांच्या आवाजात एक दया होती. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देताना असते तशी. मी म्हणालो, "नाही."

"मग एकदा फर्मे लावून पाहू. तुमच्याकडेच आहेत ना?"

पिशवी माझ्या खांद्यावर होती. "घरी राहिले," मी म्हणालो.

तेवढ्यात ती मध्ये पडली. "राहू द्या, सर. काकांनी तपासून दिलंय. माझ्या वडिलांच्या पंपापासून त्यांचं काम बघतेय मी. त्यात बघण्यासारखं काही नाही."

माझ्यासाठी एवढं कोणी कधी बोललं नव्हतं, आणि ते मला तिथं उभं राहून ऐकावं लागलं.

सर म्हणाले, "मग राहिली फ्रेम. एखादा जोड सैल असेल, मोटरबरोबर थरथरत असेल. उतरवून वेल्डिंग पुन्हा करून घ्यावं लागेल."

"फ्रेम पातळीत आणायला मला आठ दिवस लागले होते, सर."

"मग तुमच्या हाती जेमतेम तीन दिवस आहेत. दुसरा मार्ग दिसतोय का?"

तिला दिसत नव्हता. सर वर्ग घ्यायला गेले. मी चहा प्यायच्या निमित्तानं बाहेर पडलो. गेटवर टपरी होती, तिथं चहा घेतला आणि प्यालो नाही. समोरून अमरावतीची एसटी जात होती, हात दाखवला असता तर थांबली असती. मी मनाला सांगत होतो: फ्रेममध्येही काही असेल. वेल्डिंग मी केलेलं नाही. पाव तासाच्या कानशीनं पाणी इतकं बदलतं का? इंपेलर मी हजार घासले, कोणत्या शेतकऱ्यानं सांगितलं की तुमच्या घासलेल्या अंगाकडून पाणी कमी येतं? पण माझ्या इंपेलरच्या मागं कोणी प्रोब धरून बसलं नव्हतं.

परत गेलो तेव्हा तिनं पाटातलं पाणी थांबवलं होतं. प्रोब काढून फोमच्या खोक्यात ठेवला होता. ती शिडीवर चढून फ्रेमच्या पहिल्या नटाला पाना लावत होती. ओढणी कमरेला खोचलेली. तिचा बाप पंप उतरवताना धोतर असंच खोचायचा.

"काका, तुमी निघा आता. साडेतीनची गाडी भेटते."

पाना फिरला. नट कुरकुरला. पेन्सिलीनं तिनं प्रत्येक नटाशेजारी रेघ मारून ठेवली होती, आठ दिवसांची. रेघ सरकली.

"थांब," मी म्हणालो.

"काय झालं?"

"नट पयले कस. होता तिथं कस."

"काका, येळ नाई माह्याकडं."

"फ्रेमले काई झालं नाई. खाली ये."

मी पिशवीतून कागद काढला आणि फर्मे टेबलावर ठेवले. ती शिडीवरून त्यांच्याकडे पाहत राहिली. घरी राहिलेले फर्मे. तिनं नट रेघेवर आणून कसला, मग खाली उतरली. तिनं पंखा शाफ्टवरून सोडवला, पुसला, खिडकीशी नेला. टोकाजवळचा फर्मा पहिल्या पात्याला लावला. अंधार. दुसऱ्याला, अंधार. तिसऱ्याला लावला तर उजेडाची रेघ दिसली, टोकाकडे रुंद होत गेलेली. मला चार हातांवरून दिसली.

"कवा?"

"तू न्यायच्या आदल्या दिवशी. तोल काढला."

"मी सांगतलं होतं."

"सांगतलं होतं."

"सरांनी इचारलं तवा तुमाले माहीत होतं?"

"फोन आला तवाच माहीत होतं."

ती पंखा हातात धरून उभी राहिली. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. मला येतं ते. ती हळू म्हणाली, "दोन आठोडे मी सगळं खोलून पाह्यलं, काका. प्रोब पाह्यला, मोटर पाह्यली, माही सोताची अक्कल पाह्यली. एक तुमच्या पात्याले तेवढं फर्मा लावून पाह्यला नाई. कावून माहीत?"

मला माहीत होतं. का, ते तिनं सांगायची गरज नव्हती.

"शुक्रवारी सकाळी दुसरा आणतो," मी म्हणालो. "जोडीचा हाये घरी. फुग्यावाला. गोळ्यातच खड्डा हाये, पाती साबूत हायेत."

"नऊ दिवस लागले होते तुमाले."

"लागले होते."

तिनं फर्मे कागदात गुंडाळून माझ्याकडे सरकवले. पिशवी घेऊन मी निघालो. तिनं दारापर्यंत यायची सवय त्या दिवशी मोडली.

घरी बायकोनं ताट वाढलं, मी चिवडत बसलो.

"कोनाशी भांडून आले?"

"कोनाशी नाई."

"मंग मोठंच भांडण झालं वाटते." तिनं भाकर माझ्या ताटातून काढून झाकून ठेवली. मी तिला एवढंच सांगितलं की पंखा बिघडला, दुसरा करायचा आहे. कोणी बिघडवला ते सांगितलं नाही.

गुरुवारी उजाडताच फळीवरचा नग उतरवला. तो कच्चा होता, वाळूची खरबरीत कातडी तशीच. नऊ दिवसांचं काम एका उजेडात करायचं. पहिल्या नऊ दिवसांत मी चहाला उठायचो, आल्यागेल्याशी बोलायचो, पंखा लोकांना दाखवायचोसुद्धा. त्या दिवशी शटर अर्धं ओढून घेतलं. कानस चार वेळा चालवायची, फर्मा लावायचा, खिडकी. कानस दोन वेळा, फर्मा, खिडकी. पहिलं पातं बसायला अकरा वाजले. बोटं सुजली. बायको जेवायला बोलवायला आली, माझ्याकडे पाहून उभी राहिली, मग तिथंच बसून माझ्या तोंडात दोन घास घालून गेली. दुसरं पातं तीन वाजता. तिसऱ्याला खिडकीतला उजेड तिरपा व्हायला लागला होता आणि माझे डोळे पाणावत होते. टोकाशी फट आहे की डोळ्यातलं पाणी आहे ते कळेना. मी पंखा घेऊन बाहेर रस्त्याच्या कडेला आलो आणि मावळत्या उन्हाकडे धरला. दोन मोटारसायकलवाले थांबून पाहायला लागले. फट नव्हती.

आता पट्ट्या. मांडल्या, पंखा ठेवला, हात सोडला. एक टिंबाचं पातं खाली आलं. बरंच खाली.

कानस हाताजवळ होती. मी तिला लेथच्या पलीकडे ठेवून आलो. फोन उचलला.

"बोला," ती म्हणाली. 'काका' नाही म्हणाली.

"एक टिंबाचं पातं जड हाये. काय करू?"

तिकडं कागद सरकल्याचा आवाज आला.

"फुग्याचा खड्डा कोन्त्या अंगानं हाये?"

"दोन आन् तीनच्या मधात."

"म्हंजे हलक्याच अंगाले हाये. त्यात शिसं भरा. उलिसं उलिसं. गोळ्याच्या वर येऊ देऊ नोका."

इतकं सोपं होतं ते. त्या खड्ड्यामुळं मी नग टाकून दिला होता. शिसं वितळवून थेंब थेंब भरलं, वरून सपाट केलं. पंखा ठेवला तसा थांबला. मग फर्मे पुन्हा लावले, नऊच्या नऊ वेळा, जरी पात्याला हात लागला नव्हता.

शुक्रवारी सकाळी नऊला मी लॅबच्या दारात होतो. सर आधीच आले होते. तिनं त्यांना काय सांगितलं होतं मला माहीत नव्हतं. मी पंखा टेबलावर ठेवला आणि तिच्याआधी बोललो, "सर, तुमी परवा इचारलं तवा मी खोटं बोललो. पातं मी घासलं होतं. फर्मेही पिशवीतच होते."

मी शिकल्या माणसासमोर असं कधी बोललो नव्हतो. न शिकलेल्यासमोरही नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आम्हीसुद्धा आधी पातंच तपासायला हवं होतं, आजोबा." त्यांच्या आवाजात ती दया नव्हती. निदान मला जाणवली नाही.

तिनं पंखा उचलला. फर्मे घेऊन खिडकीशी गेली. मी म्हणणार होतो, मी पाहिलं आहे, नऊ वेळा पाहिलं आहे. म्हणालो नाही. तिनं एक टिंबाला तीन फर्मे लावले. दोन टिंबांना तीन. तीन टिंबांना लावताना तिनं मान तिरपी केली, एक डोळा मिटला, फर्मा काढून पुसला, पुन्हा लावला. माझ्या दुकानात गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर नग परत घेऊन मी त्याला हाकललं असतं. मी हात मागं बांधून उभा राहिलो.

"बसवतो," ती म्हणाली.

पंखा शाफ्टवर चढला. पाणी सुटलं, भुकटी पडली, मोटर लागली. प्रोबची चार बोटं पाण्यात उतरली. सर स्टुलावर, मी खुर्चीवर, ती कॉम्प्युटरपुढे उभी. पहिल्याच जागेची दोन मिनिटं. पडद्यावर वेडीवाकडी काटेरी रेघ धावत होती. फेरे जमा होऊन त्यांची सरासरी निघाल्याशिवाय टेकड्या दिसत नाहीत हे मला आता कळत होतं.

अर्धं मिनिट झालं असेल आणि माझ्या घशात खोकला आला.

बाहेर जायचं तर खुर्ची सरकणार, पावलं पडणार. मी उपरणं तोंडात कोंबलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. छातीत भट्टीचा सगळा धूर एका जागी गोळा झाला होता. सर माझ्याकडे पाहत होते, हलत नव्हते. तिची पाठ माझ्याकडे होती. मी काचेतून पंख्याकडे पाहत राहिलो. तो फिरताना एक गोल पिवळा धूसर डाग दिसत होता. त्यात कोणतं पातं कुठलं ते मला ओळखू येत नव्हतं, माझं असून.

मग तिनं एक बटण दाबलं. काटेरी रेघ गेली. जागेवर दुसरी रेघ आली, गुळगुळीत. एक टेकडी. दुसरी टेकडी. मी उपरणं दातांखाली दाबलं. तिसरी टेकडी वर चढली, आणि इतर दोघींच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. पुढचा फेराही तसाच.

ती मागं वळली नाही. स्क्रूवर हात ठेवून प्रोब पुढच्या जागी न्यायला लागली. तेवढ्यात म्हणाली,

"काका, आता खोका. पुढच्या रीडिंगले अर्धं मिनिट हाये."